चित्रातलं माझं तोंड

हे मी आजवर कुणालाही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

आमचं पावसला एकत्र घर. माझी धाकटी जाऊ मनीषा शाळेत चित्रकला शिकवते. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात तिनं पडवीत मोठं तैलचित्र काढायला घेतलं. फणस फोडत बसलेल्या घरातल्या चार बायका, नाव ‘आम्ही’. बायका घरभर वावरतात आणि कुणाला दिसत नाहीत, त्या दिसाव्यात — असं तिचं म्हणणं. छान ना? मलाही छानच वाटलं. माझा चेहरा होईपर्यंत.

तो सगळ्यात शेवटी झाला. आणि कसा? तोंड हे एवढं उघडं! ओरडतानाचं! पडजीभ तेवढी दिसायची राहिली होती. मी ओरडते का? — बरं, ओरडते. पण ते रत्नागिरीच्या हॉलमध्ये, प्रदर्शनात टांगायचं? जिथे माझं अख्खं महिला मंडळ येणार?

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मनीषा बाजारात गेली. माझ्या चेहऱ्याचा रंग अजून ओला होता. मी फडका टर्पेंटाइनमध्ये बुडवला — फक्त तोंड जरा मिटावं म्हणून, शपथ. तोंड मिटलं, पण हनुवटी गेली. हनुवटी सारखी करायला गेले तर नाक ओघळलं. मग काय… सगळंच पुसलं.

मनीषा आली आणि हातातली पिशवी टाकून चित्राशी धावली. “वैनी, हे कोणी केलं?”

आणि मी — कसं सांगू? — मी म्हटलं, “आईंनी फडका मारला असेल.”

आई म्हणजे आमच्या सासूबाई. ब्याऐंशीच्या, नजर अधू, विसराळू, आणि दिवसभर हातात फडका. एकदा तर टीव्हीवर बातम्या देणाऱ्याचं तोंड पुसत होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, “मारला असंन गो बाय. माझ्या काय ध्यानात नाय.”

नवा चेहरा काढायला वेळ नव्हता, चित्र तसंच लागलं. प्रदर्शनात मुंबईचे परीक्षक नेमके त्याच चित्रापुढे थांबले. “हा पुसलेला चेहराच सगळं बोलतो,” म्हणाले. पहिलं बक्षीस! सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. मनीषा मात्र मान खाली घालून परत आली.

“तुम्हाला हसताना पकडलं होतं, वैनी,” ती म्हणाली. “कधी नव्हे ते.”

हसताना. मला माझंच हसू ओळखता आलं नव्हतं.

तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं.

आई पुढे चार वर्षं होत्या. मनीषा रंग घेऊन बसली की त्या पदराखाली दोन्ही हात लपवून लांब सरकायच्या. “मी नाय हां हात लावीत,” म्हणायच्या. मनीषा हसायची. मीही हसायचे.

शेवटच्या आजारात त्यांनी मनीषाला जवळ बोलावलं आणि त्या चित्राबद्दल पुन्हा एकदा माफी मागितली. मनीषानं त्यांचा हात हातात घेतला.

मी त्यांची उशी सारखी करत होते.