जीभ घसरली न्हवती

त्या दिवशी वट्यावर कोण कोण हुतं, ते आधी सांगते. हिराअम्मा हुती, डेऱ्याची गुरू, आमची समद्यांची आई. शेजारची मनियारीण जैनबबी हुती, बांगड्यांची टोपली पुढ्यात घेऊन. आत, पडद्यामागं, गुलाब हुती. बीडहून आलेला पोलिसांचा अमीन हुता, त्याच्यासंगं एक जवान. आन् मी हुते, धुरपा. ह्यातलं आता माझ्याबिगर कुणी न्हाई. म्हून सांगते — असं न्हाई. ते असतानाच सांगायला पाहिजे हुतं. न्हाई सांगितलं. त्यांना न्हाई, दुसऱ्या कुणाला न्हाई.

शाळेतली बाई लिहून घेतीया. तिला म्हणलंय, माझं बोलणं सुधरू नगंस. एकेक शब्द जसा तोंडातून पडंल तसाच ठेव. कावून, ते पुढं कळंल.

लेकरू न्हाई झालं म्हून नवऱ्यानं दुसरी केली आन् मला काढून दिलं. भावाच्या दारात गेले. भावजय म्हणली, आज राहा, उद्या बघू. तिनं उद्या बघितलंच न्हाई. नेकनूरच्या बाजारात मी कुणाच्या तरी मिरच्या निवडत बसले हुते, तवा हिराअम्मा समोर उभी राहिली. अंगानं आडमाप, आवाज गड्याचा, लुगडं हिरवं. म्हणली, "भाकरी येती का गं?" म्हणलं, येती. "मग चल. आमच्यात समद्यांना नाचता येतं, भाकरी एकीला येईना."

तशी मी डेऱ्यात आले.

तुमी हिजड्यांचा डेरा बघितलाय का? बाहीरची माणसं काय काय बोलतात. मी सांगते काय हुतं. एक परात हुती आन् तिच्याभवती सगळ्या जेवायला बसायच्या. कुणाला बापानं मारून हाकललेलं, कुणाला भावानं इहिरीत ढकललेलं. कोण हिंदूची, कोण मुसलमानाची, हिराअम्मानं कवा इचारलं न्हाई. ईदला शीरखुर्मा, नवरात्रात घट. आन् हसणं तर असं, की गल्लीतल्या बाया धुणं टाकून बघायला यायच्या. मी माहेरात हसले न्हाई, सासरात हसले न्हाई. हितं हसले.

गुलाब आली तवा अगदीच कवळी हुती. सिरसाळ्याकडची. तिला बहीण पाहिजे म्हून हिराअम्मानं आमा दोघींना समोरासमोर बसवलं आन् एका वाटीतलं दूध पाजलं, अर्धं तिला, अर्धं मला. त्यांच्यात तसा रिवाज हाय. दूधबहिणी झालो. गुलाबच्या वठावर दुधाच्या मिशा आल्या. हिराअम्मा म्हणली, "आगं पूस, पूस त्या मिशा, काढायला किती तरास झालाय." ढोलकी वाजवणारीची बोटं थांबली हसून हसून.

आता इथंच मी अडखळते. कावून म्हणाल तर — ज्या बहिणीचं उष्टं दूध प्याले, तिचा मला राग कसा येईल? पण येत हुता.

बारशाला डेऱ्याला बोलवणं यायचं. गुलाबच्या हाताला गुण हाय, असं बाया म्हणायच्या. तिला पाटावर बसवायच्या, कुंकू लावायच्या, लेकरू मांडीवर द्यायच्या. वटी भरायच्या. मी ढोलकी उचलून मागं मागं. आन् दारात गेलं की मला म्हणायच्या, "तू हितंच बस गं गोठ्यात. आत लेकरू हाय." मी वांझ ना. माझी सावली पाळण्यावर नगं. तिची चालती. मी बाईच्या जन्माची, मी शेणाजवळ, ती पाटावर. ह्यात गुलाबचा काय गुन्हा? काईच न्हाई. मला तवाबी ठाव हुतं. ठाव असून राग जाईना. ज्या बायांनी मला गोठ्यात बसवलं त्यांचा राग धरायची माझी छाती न्हवती, म्हून जवळच्या गुलाबचा धरला.

मग निजाम सरकारचा हुकूम आला. गड्याच्या जन्माच्यानं बायकी कपडे घालून नाचलं, गायलं, तर धरून नेणार. दवंडी झाली. बाकीच्या चेल्या मोमिनाबादकडं पांगल्या. हिराअम्मानं धोतर नेसलं. आरशात बघून म्हणली, "बाप दिसतो माझा. लई दिवसानं भेटला." पण गुलाब नेसंना. म्हणली, मेले तर लुगड्यात.

मग गल्ली एक झाली. ठरलं की कुणी इचारलं तर गुलाब म्हंजी माझी भन, पावणी आलेली. समद्यांनी 'ती' म्हणायचं, 'आली' म्हणायचं, 'बसली' म्हणायचं. हिराअम्मा एकेकीकडून म्हणून घ्यायची, शाळेत घेत्यात तसं. आन् समद्यांना भ्याव जैनबबीचं. तिचं मराठी म्हंजी, "म्हैस आला, दूध दिला, बाई पळून गेला." हिराअम्मा म्हणली, "जैनब, तू तोंडच उघडू नगंस. खोकत बस."

"क्या गे, मेरेकू बोलना नै आता क्या?"

"येतं. म्हूनच खोकत बस."

माझी भीती कुणालाच न्हवती. मला एकदाबी म्हणून दाखवायला लावलं न्हाई.

त्या दिवशी पाटलाकडं नातवाचं बारसं हुतं. हुकूम असून बोलवलं — चोरून, ढोलकीला फडकं गुंडाळून. पाटलाला आशीर्वाद पाहिजे, पण तो कुणाच्या कानावर जायला नगं. गुलाबची वटी भरली, जरीचा खण, नारळ. मी गोठ्यात. पाटलाच्या सुनेनं मला भाकरी दिली ती लांबनं, वरनं टाकली. घरी येताना गुलाब म्हणली, "धुरपाक्का, खण तूच घे, तुला चोळी शिवू." दया केली तिनं. मला ती दया चावली.

घरी टेकतो न टेकतो तर अमीन. कुणी कळवलं, देव जाणं. पाटील आडवा आला न्हाई, चावडीत बसून राहिला, एवढं खरं.

अमीन इचारायचा, जवान मराठीत सांगायचा. जवान बीडकडचाच हुता. पडद्याकडं बोट केलं, "आत कोण हाय?" जैनबबी खोकत हुती, खोकता खोकता थांबली आन् म्हणली, "पावनी हाय. धुरपाची भन. आली हाय." एक चूक न्हाई. जलमात पहिल्यांदा. हिराअम्मानं डोळं मिटलं. जैनबबी परत खोकायला लागली, आता खरं खोकत हुती, भ्यावानं.

जवान माझ्याकडं वळला. "तुपली भन? कवा आली?"

म्हणलं, "काल आला."

जवान खाली बघून बांगड्यांची टोपली पायानं सरकवत हुता. त्यानं ऐकलंच न्हाई. जैनबबीच्या खोकल्यात ते गेलं. हिराअम्माला ऐकू आलं, तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्यावर भागलं असतं. जवान पुढं चालला असता. जीभ घसरती माणसाची, एकदा घसरती.

मी परत म्हणले. जरा मोठ्यानं. "काल आला. आत निजलाय."

तवा त्यानं मान वर केली.

हेच ते. हेच मी सांगितलं न्हाई. समदे म्हणले जीभ घसरली. घसरली न्हवती. पहिल्यांदाबी न्हाई.

गुलाबला नेलं. डोकं भादरलं, बांगड्या फोडल्या, खडी फोडायला लावली. पेरणी झाली, सुगी झाली, तवा ती चालत परत आली. धोतरात. मग गल्लीनं काय केलं माहितीय? समद्या बायांनी तिच्याभवती कोंडाळं केलं, पदर पसरून धरले, रस्त्यावरनं काई दिसू नये म्हून. आन् मधी जैनबबी बसली. खडी फोडून गुलाबचा हात जाड झालता, बांगडी चढंना. जैनबबी साबण लावून एकेक चढवत हुती आन् म्हणत हुती, "रोती कायकू, हाथ ढीला छोड." बाया हळू गात हुत्या. पराती वाजवत हुत्या, बोटाच्या टोकानं. तसली खुशी मी परत बघितली न्हाई. तिथं एक पदर माझाबी हुता. धरून उभी हुते.

मला बघून गुलाब हसली. म्हणली, "धुरपा आला का गं?"

समद्या हसून लोळल्या. तवापासनं डेऱ्यात माझं तेच नाव पडलं. धुरपा आला, धुरपा जेवला, धुरपा रुसला. लाडानं म्हणायच्या. बाहीरनं नवी चेली आली की तिला ती गंमत सांगायच्या, हिची जीभ कशी घसरली आन् गुलाब कशी जेलात गेली. आन् गुलाबच सांगायची, रंगवून. मी भाकरी थापत ऐकायचे. कितींदा वाटलं, म्हणावं — गप, मुद्दाम म्हणलं मी. तोंड उघडलं की त्या अजून हसायच्या, आता हिची जीभ काय करती म्हून. पण हसतात म्हून न्हाई थांबले. परातीवरनं उठवतील म्हून थांबले.

तिला ठाव हुतं का? न्हाई. ठाव असतं तर तिनं माझ्या घासातला घास खाल्ला नसता. ठाव असून तिनं माफ केलं, असं म्हणून मी माझं समाधान करून घेत न्हाई.

पुढं ती बारशाला कवाच गेली न्हाई. लेकरू दिसलं की खडीनं जाड झालेले हात पाठीमागं धरायची. थंडीतापानं पडली, आन् माझ्या मांडीवर डोकं ठिवून गेली. शेवटचं पाणी म्या पाजलं. शेवटपर्यंत म्हणत हुती, धुरपा कुठं गेला.

निजाम गेला, हुकूम गेला. मी हाय.

आत्ता लिहिता लिहिता शाळेतली बाई थांबली. तिनं इचारलं, "आजी, गुलाब गेला लिहू का गेली?" काना देऊ का वेलांटी, असं म्हणली. तिची चूक न्हाई, तिला ठाव न्हाई.

मला काई म्हणायचं ते म्हणा. तेवढं एक करा. ही गोष्ट जिथं वाचाल तिथं, कुणाला सांगाल तिथं, गुलाब गेली म्हणा.