जाळीतलं फॅट
सहकारात सभासद हाच मालक असतो, असं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले होते. सरकीच्या ढेपेचा वास आला की मला आमच्या गावच्या दूध संस्थेतली एक सकाळ आठवते. दुधाला फॅट चढावं म्हणून माझी काकू म्हशीला खामगावची ढेप घालायची, तरी तिच्या दुधाचं फॅट रोज कमी निघायचं आणि भाव पडायचा. फॅट मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा फक्त सचिवाला दिसे; तो तोंडाने सांगेल ते खरं. त्या सकाळी काकूने सरळ यंत्रच स्वतःकडे फिरवलं. "काकू, मशीनले हात नका लावू!" सचिव ओरडला. "काऊन बे? म्हैस माही, दूध माहं, अन् आकडा तेवढा तुहा?" असं म्हणत तिने भिंतीवरच्या 'सभासद हाच मालक' या पाटीकडे बोट केलं. रांगेतले सगळे हसले. तिने आकडा वाचायच्या आत त्याने बटण बंद केलं. पुढच्या सभेत यंत्राच्या सुरक्षिततेसाठी लोखंडी जाळी एकमताने मंजूर झाली. रांगेत जे हसले होते, त्यांनीच हात वर केले. सचिवापेक्षा त्या हातांचा राग मला अजून येतो. परवा गावी गेलो, तर भिंतीला रंग देताना काढलेली ती पाटी जाळीलाच टांगलेली होती. आता यंत्रही दिसत नाही.