साडूंची पाठ

माझ्या थोरल्या साडूंची पाठ उभ्या आयुष्यात कशालाही टेकली नव्हती, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती समजू नये. आखाड्यातली माती तर सोडाच, पण घराची भिंत, एस.टी.ची सीट, लग्नमंडपातला लोड, सासऱ्यांच्या ओसरीवरचा खांब, यांपैकी कुणालाही तो मान मिळाला नव्हता. साडू पेशानं पहिलवान. ऐन उमेदीत यवतमाळपासून पार आदिलाबादेपर्यंत जत्राजत्रांतून कुस्त्या मारत ते हिंडले, त्यावर त्यांचं घर चाललं, आणि एकाही गड्याला त्यांना चीत करता आलं नाही. पुढं वय झालं, लंगोट खुंटीला लागला, मारेगावजवळच्या आपल्या गावात ते परहाटी, म्हणजे कपाशी, पेरू लागले. पण हे त्यांच्या पाठीला कुणी कळवलं नसावं. ती आपली पहाऱ्यावरच राहिली.

गावचा न्हावी त्यांची दाढी करताना खुर्चीपुढं जवळजवळ उकिडवा बसायचा, कारण मान मागं टेकवणं साडूंना मंजूर नव्हतं. मारेगावच्या डॉक्टरांनी एकदा पोट तपासायचं म्हणून त्यांना टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. साडू म्हणाले, "पोट तं समोरच हाय ना साहेब, पाठ कायले टेकवू?" डॉक्टरांनी निमूटपणे उभ्यानं तपासलं. झोपेतही ते कुशीवरच असत. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आम्ही त्यांना ताई म्हणतो, एकदा सांगत होत्या, "झोपीत पाठीवर वळले का असे दचकून उठते, का मले वाटते भूकंप झाला." ताईंच्या आवाजात तक्रार होती, पण ऐकणाऱ्यांवर नजर टाकली तेव्हा अभिमानही होता.

सासुरवाडीला आम्ही दोघे जावई एका पंगतीला बसलो की माझी अवस्था कठीण होई. मी तालुक्याच्या कचेरीतला कारकून. माझी तब्येत सरकारी पगाराला शोभेल एवढीच. साडू रोडगे हातानं कुस्करून त्यावर तूप ओतत आणि वांग्याच्या भाजीबरोबर ते सगळं अशा वेगानं नाहीसं होई की वाढणारी बाई ताटासमोरून हलायचीच नाही. मग माझ्या ताटाकडे पाहून विचारत, "साडूभाऊ, तुमी जेवून राह्यले का शितं मोजून राह्यले?" यात टोमणा नसे. त्यांना खरोखरच काळजी वाटे.

माणसाची पारख ते मानेवरून करत. माझ्या धाकट्या मेहुणीच्या मुलीला पाहायला आलेला मुलगा इंजिनिअर होता, घरदार उत्तम, सगळे खूश. साडूंनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, दुसरा हात सहज त्याच्या मानेमागं ठेवला, किंचित दाबला, आणि आत येऊन म्हणाले, "पोट्टा चांगला हाय, पण मान बारीक हाय. संसाराले पुरते का नाई, सांगता येत नाई." लग्न झालं, संसारही चांगला चालला आहे, तरी तो जावई आजही साडूंचा विषय निघाला की शर्टाची कॉलर सारखी करतो. शिवाय कुणालाही कुणाशी मनातल्या मनात लढवायची त्यांना सवय होती. कुस्त्यांच्या दंगलीत सारख्या वजनाचे दोन गडी शोधून त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, याला जोड लावणं म्हणतात. साडू ती लग्नात लावत, बाजारात लावत, निवडणुकीच्या सभेत तर दोन्ही उमेदवार पाहून "जोड बराबर नाई" म्हणून उठूनच येत. माझी जोड त्यांनी आमच्या पोस्टमास्तरांशी लावली होती. पोस्टमास्तर सत्तरीला टेकलेले होते.

कपाशीची वाईट वर्षं आली तेव्हा गावाचं तोंड उतरलं. बोंडं फुटायच्या आधी किडायची, आणि फुटली तर कापूस घरात पिवळा पडेपर्यंत त्याला कुणी विचारत नसे. त्या काळात आमच्या जिल्ह्यात पाहुणे मात्र फार येत. मोटारीतून उतरत, परहाटीच्या झाडाला हात लावून फोटो काढत, मान हलवत आणि "परिस्थिती तितकीशी वाईट नाही" असं सांगून निघून जात. साडूंचंही रान गेलं होतं. ते त्याबद्दल बोलत नसत. त्यांच्या ओट्यावर येऊन बसणारी माणसंसुद्धा परहाटीचा विषय टाळून त्यांना जुन्या कुस्त्या सांगायला लावत. गावात न हरलेली अशी तेवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती पाठ ताठ ठेवून ओट्यावर बसलेली असे.

अशाच एका वर्षी माघातली जत्रा तोंडावर आली आणि दंगल होणार नाही असं दिसू लागलं. बाहेरचे नामी पहिलवान बोलवायची गावाची ऐपत राहिली नव्हती, आणि मोठ्या जोडीशिवाय दंगल ही दंगल नव्हे. तिथला रिवाज असा, की एक वर्ष दंगल चुकली की तिचा मान कायमचा शेजारच्या गावाकडे जातो. बैठक बसली. साडू म्हणाले, "मोठी कुस्ती मी धरतो. जोड पाहा."

ताईंनी अबोला धरला. मी मुद्दाम रजा काढून समजूत घालायला गेलो. म्हटलं, "साडूभाऊ, सबंध आयुष्याची कमाई आहे ही. या वयात पणाला लावता?" ते म्हणाले, "खुंटीवर ठेवून तिले काय चाटू?" कारकुनानं उरलेली रजा रद्द केली.

जोड मिळाली ती पांढरकवड्याच्या एका ट्रक ड्रायव्हरची. हैदराबादच्या रस्त्यावर रात्रंदिवस गाडी चालवणारा, तिशीतला, मानेनं उत्तम. साडूंशी हात मिळवायला मिळतो म्हणून तो नुसत्या नारळावर यायला तयार झाला, रिकामा ट्रक घेऊन. जत्रेच्या दिवशी तीन-चार गावं लोटली. डफडं वाजू लागलं. साडूंनी माती कपाळाला लावली आणि गड्याच्या अंगावर टाकली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लंगोटात पाहिलं. अंगाची कातडी सैल झाली होती, पण पाय रोवले तेव्हा ते माझ्या ओळखीचे साडू राहिले नाहीत.

पहिली काही मिनिटं त्यांनी त्या तरण्या गड्याला चांगलंच दमवलं. ओरडून ओरडून गावाचा घसा बसला. मग त्या गड्यानं ढाकेचा डाव मारला आणि साडू पडले. स्वच्छ पडले. दोन्ही खांदे मातीत. समोरच बसलेल्या मला ते दिसलं, म्हणजे सगळ्यांनाच दिसलं.

पंच असलेल्या सरपंचांनी शिट्टी मारून जाहीर केलं, "बराबरी! कुस्ती बराबरीत सोडली!" लबाडी म्हणावी तर त्यात कुणाचा फायदा नव्हता. साडू पडू शकतात हे त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तोंडाला ते सांगता आलं नाही. लगेच सगळं मैदान सुरू झालं, "नाई लागली, पाठ नाई लागली."

साडू उठले. धापा टाकत म्हणाले, "काहून खोटं बोलता? पाठ माही हाय. लागली तं मलेच समजीन ना."

"राहू द्या ना वस्ताद," तो ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "बराबरी तं बराबरी."

"तू पाडलं, तुले हात वर करा लागीन," असं म्हणून साडूंनीच त्याचा हात धरून वर केला. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका म्हातारीनं त्यांना अडवलं. तिच्या घरी त्या वर्षी काहीच पिकलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "पहिलवान, परहाटी गेली, आता तुमी बी गेले म्हंता. आमाले एक तं राहू द्या."

साडूंना हे लागलं. पडल्याचं लागलं त्यापेक्षा जास्त लागलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग म्हणाले, "गेलो कुठं, बाई? पडलो. पाहून घे." आणि पाठ तिच्याकडे करून उभे राहिले. लाल माती घामानं चिकटून बसली होती. मग जिंकलेल्या गड्याचा हात हातात धरून त्यांनी आखाड्याला फेरी मारली, प्रत्येक बाजूला थांबून, वळून, लोकांना आपली पाठ दाखवत. पहिल्या बाजूला कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या बाजूला काही माणसं उठून उभी राहिली. फेरी संपेपर्यंत बसलेलं कुणी राहिलं नव्हतं, आणि पुष्कळ जण रडत होते. माझ्या माहितीप्रमाणे त्या वर्षात ती माणसं चारचौघांत पहिल्यांदाच रडत होती.

दुसऱ्या दिवशी साडू न्हाव्याकडे गेले आणि खुर्चीत मागं टेकून, अर्धी दाढी झाली असतानाच झोपी गेले. न्हाव्यानं उठवलं नाही. "खुर्ची बरी हाय की," एवढंच ते उठल्यावर म्हणाले. पुढची काही वर्षं त्यांनी वेगवेगळ्या भिंती, लोड आणि खांब यांचा मनापासून उपभोग घेतला, आणि एका उन्हाळ्यात, फारसा त्रास न देता, ते गेले.

दंगल त्या गावातच राहिली आहे. आता तिथं एक नवा रिवाज पडलाय, तो कुणी ठरवून पाडलेला नाही. जिंकलेल्याबरोबर हरलेला गडीही फेरी मारतो, पाठीची माती न झटकता. बाहेरगावचा एखादा नवखा लाजून सटकू लागला तर माणसं त्याला हाताला धरून परत आणतात, म्हणतात, "असा नोको जाऊ बापा, पाठ दाखवून जाय," आणि उठून उभी राहतात.

मी दर वर्षी जातो. ताई बायकांच्या बाजूला बसलेल्या असतात, मी पुरुषांच्या. ती फेरी आली की आम्ही एकमेकांकडे पाहत नाही. साडूंची मला फार आठवण येते. घरी आल्यावर बायको विचारते, यंदा कोण जिंकलं, आणि मला ते कधीच सांगता येत नाही.