चार्टवरचे चौदाशे मिली

“सिस्टर, लेप्टो आहे,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या पोटरीवरचा हात त्यांनी काढून घेतला. त्यांनी नुसतं दाबलं होतं, तरी मी वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडले होते.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून शिरणारा ताप. हे मी कितीतरी शेतकऱ्यांना समजावलं होतं, चिखलात उतरताना जखमा झाका म्हणून दटावलंही होतं. आणि स्वतः रजा टाकून सापगावला सासरच्या भातलावणीला गेले ती भेगाळलेल्या टाचा घेऊन! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. वर चार दिवस ताप अंगावर काढला.

हे दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यातलं. मुरबाडच्या बाजूला एका ट्रस्टचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल होतं, नाव सांगत नाही. तिथे मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. कुणाची ड्युटी कधी, कुठलं औषध संपलं, कुणाचा चार्ट कसा, सगळं माझ्या हाती. त्याच वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर मी आडवी झाले.

डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं आणि सलाइन सुरू केलं. शिवाय इनटेक-आउटपुट चार्ट ठेवायला सांगितला. म्हणजे अंगात पाणी किती गेलं आणि लघवीवाटे किती बाहेर आलं, ते मोजून लिहायचं. लेप्टोत किडनी बिघडायला लागली की पुष्कळदा लघवी कमी होते.

“दिवसभरात चारशे मिलीच्या खाली गेली तर वाट बघायची नाही, मुंबईला हलवायचं,” डॉक्टर कविताला म्हणाले. कविता माझ्या हाताखालची सगळ्यात नवी सिस्टर. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

पहिला दिवस मळमळण्यात आणि लाजण्यात गेला. खाटेखाली मापाचं भांडं ठेवलं होतं. पण ज्या मुलींना मी रोज फैलावर घ्यायची, त्यांच्यासमोर मी भांड्यावर बसू? भिंत धरून दोनदा बाथरूमला जाऊन आले. कुणी अडवलं नाही. इन्चार्ज बाईंना अडवणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टरांनी चार्ट हातात घेतला.

“चौदाशे मिली. छान! क्रिएटिनिनचा रिपोर्ट उद्या ठाण्याहून येईल, तोवर सलाइन चालू ठेवा. हलवायची गरज नाही.”

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्त नीट साफ करते की नाही, हे सांगणारी तपासणी.

मी ऐकत पडले होते. चौदाशे? दोन वेळा मिळून अर्धा कपही झाली नसेल, तीही काळ्या चहासारखी. सकाळपासून तर थेंब नव्हता. बोटातली अंगठी रुतत होती, पापण्या जड झाल्या होत्या. मी कविताकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

मला तिथल्या तिथे उमगलं. तो आकडा माझ्याच ओळखीचा होता. “राउंडच्या वेळी चार्टवर रिकामी चौकट दिसली, तर मला तोंड दाखवू नका,” हा माझा नियम. महिन्याभरापूर्वी एका रिकाम्या चौकटीसाठी मी एका पोरीला पेशंटांदेखत रडवलं होतं. मग पोरींनी काय करावं? मोजायचं राहिलं की अंदाजानं बरा दिसेल असा आकडा टाकायचा. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण ट्रस्टी माझ्या चार्टांचं कौतुक करायचे आणि मला ते गोड लागायचं.

आता बोलावं, तर कविताची नोकरी जाणार. आणि तिला हे शिकवलं कुणी, असं विचारलं तर? आपलेच दात, आपलेच ओठ. संध्याकाळपर्यंत होईल लघवी, असं मी स्वतःला सांगत राहिले. इतक्या वर्षांची नर्स मी, जीव जाईल हे कळत असून गप्प पडून राहिले. वर सलाइन थेंब थेंब आत येतच होतं.

अकराच्या सुमारास आमच्या हिरामावशी लादी पुसायला आल्या. त्यांनी खाटेखालचं भांडं ओढून पाहिलं.

“बाय, भांडं कालपासना कोरडंच हाय. कागदावर काय लिवलाय?”

“चौदाशे.”

“मंग ती कुनी केली?” मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “मला वाचता येत नाय, पन भांडी मीच धुते ना! तुमी डाक्टरला सांगता का मी सांगू?”

मला हसू आलं आणि हसता हसता श्वास अडकला. सरळ होऊन बसले तरी पुरेना. साठलेलं पाणी फुफ्फुसांत चढतंय हे ओळखलं, तेव्हा मी खरी घाबरले. मला मरायचं नव्हतं. एका चौकटीपायी तर नाहीच नाही.

मी कविताला हाक मारली. ती आली तीच रडत.

“मॅडम, तुमाला कसं सांगनार, लघवी मोजायची हाय म्हनून? आन चौकट रिकामी ठेवली असती तर तुमीच…”

“खरं आहे,” मी म्हटलं. “डॉक्टरांना बोलाव. आणि इथंच उभी राहा.”

डॉक्टर आले. मी धापा टाकत सांगितलं, “हा आकडा खोटा आहे. भरला हिनं, पण असं भरायला लावलं मी. कालपासून माझी लघवी शंभर मिलीसुद्धा नाही.”

त्यांनी आधी सलाइन बंद केलं, मग कॅथेटर, म्हणजे मूत्राशयापर्यंत जाणारी नळी, घालायला लावली. नळीच्या टोकाच्या पिशवीचा तळही लघवीनं झाकला नाही.

“आत्ताच्या आत्ता गाडी काढा.”

माझे यजमान भातसानगरला धरणावर कामाला होते, ते वाटेत गाडीला येऊन मिळाले. कविता शेजारी बसून माझं बीपी घेत होती आणि जे येईल तेच लिहीत होती.

मुंबईत त्याच संध्याकाळी डायलिसिस केलं. किडनीचं काम तेवढ्यापुरतं मशीन करतं, ते डायलिसिस. तिथल्या डॉक्टरांनी यजमानांना सांगितलं, “उद्याच्या रिपोर्टची वाट बघितली असती, तर यांना आणता आलं नसतं.”

चार वेळा डायलिसिस झालं. नवव्या दिवशी तिथली सिस्टर भांडं डोळ्यांसमोर धरून म्हणाली, “तीनशे वीस.” मी ढसाढसा रडले. लघवीसाठी इतकं रडणारी बाई तिनं पाहिली नसेल.

बरी झाल्यावर ट्रस्टींना लिहून दिलं की चूक माझ्या नियमाची. कविता राहिली. माझं इन्चार्जपण सहा महिन्यांसाठी काढून घेतलं. वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला असा ताप आला, तर अंगावर काढू नका. लघवी मोजायला लाजू नका, आणि चार्टवर काय लिहिलंय ते एकदा भांड्याशी ताडून बघा. हिरामावशींनी तेवढंच केलं होतं. त्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे.

इन्चार्ज म्हणून परत आले त्या सकाळी, राउंडच्या आधी, सहा नंबरच्या खाटेपाशी गेले. तानशाकडचे एक म्हातारे बाबा झोपले होते. चार्टवर कविताच्या अक्षरात होतं, ‘सहा ते आठ: मोजली नाही.’ ती बाजूला श्वास धरून उभी होती.

मी त्याखाली सही केली आणि भांडं घ्यायला स्वतः वाकले.