ग्लासवूलची गादी

ती घटना मी विसरू म्हटलं तरी माझी कातडी मला विसरू देत नाही. कुणी काही पिवळं, मऊ, कापसासारखं समोर आणलं की उजवा हात आपोआप डाव्या कोपराकडे जातो. इतरांचे कबुलीजबाब ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा आज स्वतःच्याच कबुलीने सुरुवात करते. भरदिवसा, पूर्ण गणवेशात, दोन पंच आणि एका हवालदारासमोर मी ग्लासवूलच्या ढिगावर माहेरच्या गादीवर बसावं तशी ऐसपैस बसले होते. वर बाह्या दुमडून कोपरापर्यंत हातही त्यात घातले होते.

ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर. दिसायला कापूस, अंगाला लागली की काच. डोळ्यांना न दिसणारी तिची कुसळं कातडीत शिरतात आणि मग माणूस पद, हुद्दा, लाज सगळं विसरून खाजवत सुटतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण मला एक जण स्पष्ट शब्दांत सांगत होता आणि मी ऐकलं नाही, हे मात्र खरं.

मी तेव्हा नवीन फौजदारीण. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पोस्टिंग. टोपी डोक्यापेक्षा एक माप मोठी आणि अक्कल दोन मापं लहान. प्रत्येक गुन्हा संध्याकाळच्या आत उघडकीला आणून साहेबांची शाबासकी घ्यायची, असा माझा खाक्या होता.

त्या दिवशी सकाळी एका कंपनीचे मालक फिर्याद द्यायला आले. कंपनी मोठाले विजेचे स्विच बनवायची. अशा स्विचच्या आत चांदीची लहान लहान बटणं बसवलेली असतात. त्या बटणांची एक पिशवी स्टोअरमधून नाहीशी झाली होती. आदल्या दिवशी मालकांनी अचानक स्टॉक तपासला, तेव्हा हे लक्षात आलं. स्टोअरचं कुलूप शाबूत होतं. गेटवर प्रत्येकाची अंगझडती होत असे, त्यामुळे माल अजून आतच असावा असा मालकांचा अंदाज होता.

फिर्याद घेऊन मी निघणार, तेवढ्यात ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने ऐकून घेतलं आणि मला सांगितलं की बोलणाऱ्याने नाव दिलं नाही, पण तो म्हणाला, भट्टीचं काम करणाऱ्या ठेकेदाराला धरा, तो परदेशी पळायच्या तयारीत आहे. निनावी खबर. अनुभवी अधिकारी अशा वेळी आधी खबर देणाऱ्याचा विचार करतो. मी जीपचा विचार केला.

कंपनीत खोलीएवढा एक ओव्हन होता. तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या वॉर्निश लावून त्यात भाजत. आमच्या ठाण्यात मात्र त्याचं नाव शेवटपर्यंत भट्टीच राहिलं. त्याच्या भिंतींना दोन पत्रे असतात आणि मधल्या पोकळीत ग्लासवूल ठासलेलं असतं, म्हणजे आतली आच आतच राहते. वर्षानुवर्षांच्या वापराने ते खाली दबलं होतं, वरची पोकळी रिकामी पडली होती आणि बाहेरचा पत्रा हात भाजेल इतका तापत होता. म्हणून दुरुस्ती काढलेली. जुनं वूल उपसायचं, नवं भरायचं, पत्रा परत ठोकायचा. एक भिंत पूर्ण होऊन तिच्यावर पत्रा बसला होता, दुसरी उघडी होती.

हे काम तळवली गावचा एक ठेकेदार करत होता. चाळिशीचा, काळासावळा आणि बोलका, म्हणजे जरा जास्तच बोलका. कंपनी उभी होती ती जमीन कधीकाळी त्याच्या आजोबांची, हे त्याने मला ओळख व्हायच्या आधीच ऐकवलं. त्याला आखातात एका रिफायनरीवर अशाच कामाची नोकरी लागली होती. ही बातमी त्याने कंपनीतल्या शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेली. अडकलं होतं फक्त पासपोर्टचं. तो अर्ज पोलीस पडताळणीसाठी आमच्याच ठाण्यात पडून होता.

ओव्हनपुढे उपसून टाकलेल्या जुन्या वूलच्या ढिगाकडे मी वळले तसा तो पुढे आला. म्हणाला, “मॅडम, त्याच्यान हात नका घालू.”

झालं. लपवणारा माणूसच असं म्हणतो, हे मी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, बाह्या दुमडल्या आणि ढीग उपसायला घेतला. तो पुन्हा सांगू लागला, तर त्याला गप्प केलं. चांदी मिळाली नाही. मग पंचनामा लिहून होईपर्यंत मी तिथेच त्या ढिगावर बसले आणि नव्या पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकली. हवालदार माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

ठेकेदाराला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, खबर आहे, शिवाय पत्रे ठोकायचे रिव्हेट घ्यायला तो स्टोअरमध्ये जात होता, शिवाय तो परदेशी चाललाय. साहेब शांतपणे म्हणाले, परदेशी जाणं हा अजून गुन्हा झालेला नाही. चौकशी करा, अटकेची घाई नको. मी मान हलवली आणि मनात साहेबांना भित्रे ठरवलं. त्या वेळी माझ्यासकट कुणाच्याही लक्षात आलं नाही की मी मान हलवताना मानही खाजवत होते.

घरी गेल्यावर खरा प्रकार सुरू झाला. मला वाटलं घाम असेल. कडकडीत पाण्याने आंघोळ केली, वर उटणं लावून खसखसून अंग घासलं. जळत्या लाकडावर रॉकेल ओतावं तसं झालं. गणवेश घरच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑफिसात बॉससमोर पाठ खाजवली, मुलगा शाळेतून खाजवत आला आणि सासूबाई पूजेला बसल्या त्या घंटा वाजवता वाजवता थांबून कोपर घासू लागल्या. “अगं, चोर पकडायला गेली होतीस की खरूज?” त्या म्हणाल्या. कपाळाला हात लावायचा होता, पण जमेना. दोन्ही हात गुंतले होते.

ठाण्यात ठेकेदाराला मी सकाळी बोलावून संध्याकाळी सोडत होते. उलटसुलट विचारलं. त्याची गोष्ट बदलत नव्हती. मात्र त्याचा आवाज उतरत चालला होता. पहिल्या दिवशी त्याने आमच्या ठाण्याचं छप्पर किती तापतं आणि त्याला कसं अस्तर लावावं, यावर हवालदारांना भाषण दिलं होतं. आता तो भिंतीला टेकून नुसता बसत असे. आखातात त्याच्याबरोबर जाणारी माणसं लवकरच निघणार होती. पासपोर्टच्या अर्जावर ‘चोरीच्या गुन्ह्यात संशयित’ एवढा शेरा मी मारला असता की त्याचं परदेश संपलं असतं. आणि तो शेरा मारायला माझा हात शिवशिवत होता. खरं तर सगळं अंगच शिवशिवत होतं.

त्याची बायको डबा घेऊन आली. ठसठशीत, नाकात नथ, आवाजात जरब. ठाण्यात येणाऱ्या बायका सहसा रडतात किंवा पाया पडतात. हिने आल्या आल्या मला निरखलं. मी टेबलाखाली फूटपट्टीने पोटरी खाजवत होते.

“मॅडम, गरम पान्यान आंघोल केली क?”

मी फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. हवालदारांना खोकला झाला.

ती म्हणाली, “थंड पानी वता. चोलू नका. आनि ते कापडं येगली धुवा, नायतर घरभर खाजवत बसतील.” मग नवऱ्यापुढे डबा ठेवून त्याला म्हणाली, “सांगला नाय क तू यांना?”

“सांगला,” तो म्हणाला. “दोनदा सांगला.”

हे खरंच होतं. त्याने सांगितलं होतं, माझ्या भल्यासाठी सांगितलं होतं आणि मी तेच त्याच्याविरुद्ध धरून बसले होते. मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या दारावर थाप मारतोय. पण मग बरोबर दार कुठलं?

दुसऱ्या दिवशी कंपनीचा स्टोअरकीपर आला. मध्यम वयाचा, टापटीप, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. कामगारांच्या हजेरीची माहिती द्यायला तो आपणहून ठाण्यात येत असे. त्याचा जबाब आधीच झाला होता. त्यात त्याने म्हटलं होतं की तो स्टोअर सोडत नाही, दुरुस्ती सुरू झाल्यापासून ओव्हनकडे फिरकलासुद्धा नाही.

मी चहा मागवला. मे महिना, डोक्यावर पंखा गरम हवा फिरवतोय आणि ह्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणबंद. चहा पिता पिता तो मनगटाची आतली बाजू टेबलाच्या कडेवर घासत होता. नखांनी नाही. नखं लावली की आग होते, म्हणून कडेवर, हळूच, कुणाला कळू न देता. हा प्रकार जगात कुणाला ओळखीचा असो नसो, मला होता. मी तीन दिवस तेच करत होते.

मी चौकशीचा कागद बाजूला सारला. शेजाऱ्याशी बोलावं तसं सहज म्हटलं, काय हा उकाडा, आमच्या घरी तर सगळ्यांना खाज सुटलीय. तुमच्याकडे मुलं बरी आहेत ना?

“कसली बरी मॅडम,” तो म्हणाला. “सगळं घर खाजवतंय. डॉक्टर म्हणाले, उष्णता.”

“आमच्याकडे उष्णता नाही,” मी म्हटलं. “मी ग्लासवूलमध्ये हात घातले आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुतले. तुम्ही कधी घातलेत?”

त्याने कप खाली ठेवला. मनगट टेबलाखाली नेलं. मी माझा चहा संपवत राहिले. चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं जास्त अवघड असतं, आणि अंगाला खाज असताना तर फारच. शेवटी त्याने तोंड उघडलं.

पिशवी त्यानेच काढली होती. अंगझडती चुकवायला ती जुन्या वूलच्या पोत्यात घालून भंगाराबरोबर बाहेर काढायचा बेत होता. त्या पोत्यांत गेटवरचा वॉचमन कधीच हात घालत नसे, बाहेरून काठीने टोचून सोडून देई. पण मालकांनी एकाएकी स्टॉक तपासायला घेतला. घाबरून त्याने पिशवी ओव्हनच्या उघड्या भिंतीत, नव्या वूलच्या मागे खुपसली. नंतर काढू म्हटलं, तोवर ठेकेदाराच्या माणसांनी पत्रा ठोकून टाकला. निनावी फोनही त्याचाच. ठेकेदाराच्या परदेशाची बढाई त्याने रोज ऐकली होती.

साहेब म्हणाले, “खाज कोर्टात चालत नाही. माल काढून दाखवा.”

आरोपीचं निवेदन पंचांसमोर नोंदवलं आणि आम्ही कंपनीत गेलो. मालक भिंत उघडायला तयार नव्हते. माल पाठवायचा होता, ओव्हन पेटवायचा होता. मी त्यांना सांगितलं की तुमचीच चांदी तुमच्याच भिंतीत भाजायची असेल तर तसं लिहून द्या. मग तयार झाले. भिंत उघडायला माणूस मात्र एकच होता, ठाण्याच्या बाकावर बसलेला. मी स्वतः त्याला आणायला गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्याने फक्त चपला घातल्या.

स्टोअरकीपरला जागा धड आठवेना. नव्या पत्र्यावर त्याला सगळं सारखंच दिसत होतं. ठेकेदाराने एकेक पत्रा सोडवायला घेतला. पहिल्यामागे नुसतं वूल. दुसऱ्यामागेही तेच. तिसरा पत्रा निघाला तसा माझ्या हवालदारांना पुन्हा खोकला झाला, कारण मी पाठ टेकून बसले होते ती नेमकी हीच जागा. आत हात घालायला मी पुढे झाले, तर ठेकेदाराने मला अडवलं. हातमोजे चढवून त्याने पंचांसमोर पिशवी बाहेर काढली. मुद्देमाल हस्तगत.

पंचांच्या सह्या झाल्यावर मालक म्हणाले, लावून टाक पत्रा. तो ऐकेना. उपसलेलं वूल त्याने पुन्हा नीट भरलं, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, मगच पत्रा ठोकला. फट राहिली तर आच तिथूनच पळेल, म्हणाला. त्याचा आवाज परत चढला होता. मालकांना त्या जमिनीचा इतिहास तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला आणि त्या दिवशी मालकांनी तो मुकाट्याने ऐकला.

स्टोअरकीपरचं पुढे कोर्टात व्हायचं ते झालं. मी मात्र त्या प्रकरणात एक गोष्ट शिकले आणि नोकरीभर वापरली. ‘तिकडे जाऊ नका’, ‘हात घालू नका’ असं सांगणारा प्रत्येक माणूस काही लपवतच असतो असं नाही. पुष्कळदा तो आपल्याला वाचवत असतो. आणि आपणहून मदतीला येऊन गोड बोलणाऱ्याला चहा जरूर पाजावा, पण त्याच्या मनगटांवर लक्ष ठेवावं. नव्या मुलींना मी हे सांगायची तेव्हा त्या हसायच्या. हसू देत. मूर्खपणाचाही कुणाला उपयोग झाला तर तो फुकट जात नाही.

पासपोर्टची पडताळणी मी दुसऱ्या कुणावर सोडली नाही. अर्ज घेऊन स्वतः तळवलीला त्याच्या घरी गेले. शेजाऱ्यांना विचारलं, कागद पाहिले, तिथल्या तिथे ‘हरकत नाही’ असं लिहून सही केली. ठेकेदाराने तो शेरा दोनदा वाचला आणि बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, तिने सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओसरीवर एक गादी अंथरलेली होती, पिवळ्या अभ्र्याची. मी तिच्याकडे पाहून नकळत एक पाऊल मागे सरले. ते तिने टिपलं.

“बसा मॅडम,” ती म्हणाली, “बिनधास बसा. ही कापसाची हाय.”