माझ्या नावाचा नारळ

मी बी.एस्सी. झालो त्या वर्षी माजलगावच्या धरणाचं पाणी जोत्याखाली गेलं होतं आणि मला एकदम तीन नोकऱ्या चालून आल्या. दुष्काळात असं होतं. विहिरी आटतात, आश्वासनांना पाझर फुटतो.

पहिली नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. दुसरी त्याच कारखान्याच्या अध्यक्षांच्या कॉलेजात. पगार अनुदान आल्यावर, आणि तिथले शिक्षक अनुदानाबद्दल पावसाबद्दल बोलावं तसे बोलत. तिसरी बीडला, टँकरचं पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत. ती तात्पुरती होती, दुष्काळ असेपर्यंत. म्हणजे तिन्हींत तीच जास्त टिकाऊ.

माझं मन बीडकडं होतं. पण माझे वडील, अप्पा, कारखान्यात बॉयलरवर हंगामी फायरमन होते. हंगामी माणसाला दरवर्षी गाळपाआधी बोलावणं यावं लागतं आणि ते अध्यक्षांच्या बंगल्यावरून निघे. अध्यक्षांची नोकरी नाकारली की अप्पांचं बोलावणं वाटेत हरवणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुज्या मनानं कर," अप्पा म्हणाले.

"आणि तुमचं बोलावणं?"

"माजं मी बगतो."

माझं मन काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

मग कारखान्यातून निरोप आला. सोमवारी बॉयलर पेटवण्याचा समारंभ, तिथंच माझा सत्कार. आमच्याकडं सत्काराचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही इतकंच. स्टेजवर नारळ घेतला की माणूस रुजू झाला. कागद सवडीनं येतो. घेतलेला नारळ परत केलेला माणूस आमच्या भागात कोणी पाहिलेला नाही. आणि बीडलाही त्याच सोमवारी, ऑफिस बंद व्हायच्या आत, हजर व्हायचं होतं. नाहीतर ते पुढच्या उमेदवाराला बोलावणार होते.

सोमवारी सकाळी मी मंडपात मधल्या रांगेत बसलो. पायाशी कपड्यांची पिशवी होती. ती बीडसाठी भरली होती, पण बीडला जायचं अजून ठरवलं नव्हतं. गेटापासून स्टेजपर्यंत कमानी होत्या आणि दुष्काळामुळं कार्यक्रम साधेपणानं ठेवल्याचं माईकवरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं. मागं टँकरची रांग उभी होती. बॉयलरलाही तहान लागते. तालुक्यातला निम्मा ऊस चाऱ्याला तुटला होता. गाळणार काय, हे विचारणं त्या प्रसंगाला शोभलं नसतं. अध्यक्षांनी पेटता टेंभा आत लावला, फोटो निघाला, आणि मग त्या दिवसापुरतं बोलावलेल्या अप्पांनी लाकडं सारखी करून जाळ धरवला.

"आपली पोरं आता पुण्याला जाणार न्हाईत!" अध्यक्ष गरजले. त्यांची स्वतःची पुण्यातच होती.

भाषणं लांबली, दुपार टळली आणि माझं नाव पुकारलं.

शेजारी माझ्याच गल्लीतला मित्र होता. त्यानं कोपरानं ढोसलं. "ऊठ बे. कशाला बसलास?"

"थांब जरा."

"थांब काय? नाव घेतलं तुजं!"

दुसऱ्यांदा नाव आलं. मी खाली वाकून पिशवीचा बंद धरला. उठायचं ठरवलं होतं की बसायचं, हे मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा स्टेजच्या पायऱ्या अप्पा चढत होते, काजळी लागलेले हात पाठीमागं पुसत.

मुलगा नसला तर सत्कार बाप घेतो. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ पुढं केला. अप्पांनी हात जोडले, ते सोडलेच नाहीत.

"पोरगं बीडला गेलंय, साहेब. सरकारी नोकरीवर हजर व्हायला."

नारळ अधांतरी राहिला. अध्यक्षांनी मला एकदाच पाहिलं होतं, तेही मी पाया पडताना, वरून. ते ओळखणार नव्हते. पण मंडपातली माझ्या आजूबाजूची सगळी माणसं गावचीच. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग समोर पाहिलं.

अध्यक्ष मात्र मुरलेले. "बगा!" ते माईकमध्ये म्हणाले. "आपल्या कारखान्याचं पोरगं सरकारात गेलं!" टाळ्या झाल्या. नारळ मागच्या मागं कोणाच्या तरी हातात गेला. टाळ्यांमध्ये अध्यक्षांनी अप्पांकडं एकदा पाहिलं. ते हसत नव्हते.

मित्र माझ्या कानाशी आला. "तू बीडला गेलायस बे. हितं काय करतोस?"

मी वाकूनच कनातीखालून निघालो. टँकरच्या आडोशानं रस्ता गाठला, मिळेल ती एसटी धरली. बीडच्या ऑफिसात शिपाई खिडक्या लावत होता तेव्हा मी सही केली.

ऊस नव्हता, त्यामुळं त्या हंगामात कारखाना चाललाच नाही. गाळपाचं बोलावणं कोणालाच आलं नाही, त्यामुळं अप्पांचं कापलं गेलंय की नाही, ते आम्हाला कळलं नाही. पुढं पाऊस झाला, धरण भरलं. दुष्काळ संपल्यावर माझी नोकरी संपायला हवी होती, पण ते सरकारच्या ध्यानात आलं नाही.

नंतरच्या हंगामात गल्लीतल्या सगळ्या फायरमनांना बोलावणी आली. अप्पांना आलं नाही. मी सुट्टीवर घरी होतो. मी विषय काढला तेव्हा त्यांनी मला बीडच्या पाण्याची चव विचारली.

गाळप सुरू झालं. पहाटपाळीचा भोंगा वाजला की अप्पा सवयीनं उठत, कारखान्याचा खाकी सदरा अंगात घालत आणि शेताकडं जात.