घरातलीच मुलगी

माझं लग्न माझ्या आत्याच्या मुलाशी झालं. विजय नगरातल्या आमच्या शेजारणीला हे कळलं तेव्हा तिचा चहाचा कप हातातच राहिला. "मामा की लड़की तो बहन होती है," एवढंच ती बोलली. ती गेल्यावर आत्या पोट धरून हसली. जबलपुरात आमची माणसं मूठभर. बाहेरची सून आणली तर घरात हिंदी शिरेल, म्हणून घरातलीच मुलगी बरी, असं तिचं गणित. हिंदी कधीच शिरली होती. माझा नवरा माझ्याशी भांडतो तोही हिंदीत.

पहिली मुलगी झाली. थोड्याच दिवसांत तिचे डोळे पिवळे पडले, प्यायलेलं सगळं उलटू लागलं. आत्या म्हणे, पाजत राहा, अंगात ताकद येईल. मी पाजत राहिले आणि ती गेली. भेटायला आलेल्या बायका स्वयंपाकघरात कुजबुजल्या की आईचं दूध बाधलं. मला वाटलं, एकेकीला घराबाहेर काढावं.

मुलाच्या वेळी मी दवाखान्यात हटूनच बसले. जन्मल्याबरोबर तपासणी करा, नाहीतर मी इथून हलत नाही. तपासणीत निघालं. दुधातली साखर पचवायला शरीरात जे लागतं, ते त्याच्याकडे नव्हतंच. आईचं असो की गाईचं, कुठलंही दूध त्याला विषच होतं. म्हणजे त्या बायका खरं बोलल्या होत्या. हे कळलं तेव्हा माझा राग दुप्पट झाला.

डॉक्टरीणबाईंनी सोयाबीनची पावडर लिहून दिली आणि समजावलं, की हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच बाळाला होतो. मग विचारलं, नात्यातलं लग्न आहे का? नवरा छताचा पंखा बघत बसला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, आमच्याकडे असं कोणाला नाही, तुझ्या माहेराकडून आलं असेल. माझं माहेर म्हणजे तिचंही माहेर. माझे आजोबा म्हणजे तिचे सख्खे वडील. मी हे तिला सांगितलं, तर म्हणे उलट बोलू नको.

पावडरीवर पोरगं छान सुधारलं. गाल भरले, रडण्यात जोर आला. आणि एक दिवस त्याचेही डोळे पिवळे. मी डबा तपासला, पाणी तपासलं, बाटल्या उकळून काढल्या. दुपारी न्हाणीतून जरा लवकर बाहेर आले, तर आत्या बाळाला मांडीवर घेऊन गुटी चाटवत होती. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग उगाळलेली, आणि शेजारी वाटीत गाईचं दूध.

"काहून इतकी घाबरून राहिली?" ती म्हणाली. "दोन थेंबांनी काय होते? तुझा बाप याच गुटीवर वाढला."

मी बाळाला ओढून घेतलं. ती सहाण उचलून मागच्या अंगणात भिरकावली. नवरा म्हणाला, माँ का दिल दुखा दिया तुमने. त्याच्या तोंडाकडे न बघता मी रिक्षा करून दवाखाना गाठला. पोरगं वाचलं. त्याचं यकृत सावरेपर्यंत मी आत्याशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मनातून बोलत नाही.

मुलगा आता शाळेत जातो. वाढदिवसाच्या पार्टीतून आइस्क्रीम न खाता घरी येतो. मागच्या महिन्यात महाराजपुरात माझ्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. आत्याने माझ्या मुलाला हाताला धरून पाळण्याजवळ नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या, याची नवरी आली."

सगळे हसले. माझा भाऊ हसला, नवराही हसला. मुलगा लाजून माझ्याकडे बघायला लागला. मी पाळण्यापाशी गेले आणि त्याला म्हणाले, "नीट बघून घे. ही तुझी बहीण आहे."